करारातील परस्परविरोधी कलमे

एकाच कराराची दोन कलमे एकमेकांच्या विरुद्ध गेली, तर त्यांतले कोणते पाळायचे हे ठरवण्याची कायद्यातील रीत. सोलापुरात हा प्रश्न बहुधा टॉवेल-चादरींच्या ऑर्डरीतून उभा राहतो. पर्चेस ऑर्डरच्या दर्शनी बाजूला ‘माल पोचल्यापासून ३० दिवसांत पैसे’ असे टाइप केलेले असते. मागच्या बाजूच्या बारीक छापील अटींत मात्र ९० दिवस.

अशा वेळी न्यायालय एखादे कलम लगेच बाजूला सारत नाही. आधी सगळा दस्त एकत्र वाचून दोन्ही कलमांना काही काम उरेल असा अर्थ लागतो का, ते पाहिले जाते. मेळ बसलाच नाही, तर सर्वसाधारण अटीपेक्षा त्या सौद्यापुरती घातलेली खास अट आणि छापील मजकुरापेक्षा हाताने लिहिलेला किंवा टाइप केलेला मजकूर वरचढ धरतात. म्हणजे वरच्या ऑर्डरीत ३० दिवसच खरे. तरीही संदिग्धता उरली, तर ज्याने मसुदा केला त्याच्या विरुद्ध अर्थ घेतला जातो. ‘तोंडी वेगळेच ठरले होते’ हा बचाव लेखी अटींपुढे सहसा टिकत नाही.

खरेदीखतासारख्या दस्तात मेळ न बसल्यास आधीचे कलम टिकते. मृत्युपत्रात नेमके उलट: भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ८८ नुसार शेवटचे कलम चालते. चेकवर अंकी आणि अक्षरी रकमांत फरक असेल, तर अक्षरी रक्कम धरतात.

छोट्या यंत्रमागधारकाने मात्र कागदाबाहेरचा एक नियम आधी पाहावा, कारण त्याची थकबाकी अनेकदा त्यावरच सुटते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार उद्यम नोंदणी (अशा उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म वा लघु पुरवठादाराचे पैसे माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करारात फक्त ९० दिवसांचीच अट असली, तरी ती या मर्यादेपुढे चालत नाही. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते.

सरकारी निविदांत करारनामा, विशेष अटी, सर्वसाधारण अटी, नकाशे यांचा अग्रक्रम पुष्कळदा आधीच लिहिलेला असतो. खासगी ऑर्डरीत तशी एक ओळ क्वचितच सापडते. ती सही करण्यापूर्वी मागून घ्यावी. बिलावर ‘सोलापूर न्यायक्षेत्राच्या अधीन’ छापलेले आणि ऑर्डरीत मुंबईचे न्यायालय, हा घोळही त्याच ओळीने आधीच मिटतो.