जंतू आतड्यात, इजा मूत्रपिंडात

नागपुरात पावसाने जोर धरला की हगवणीचे रुग्ण वाढू लागतात आणि जुलाब थांबले म्हणजे आजार गेला, अशी बहुतेक घरांची खात्री असते. रक्ती हगवणीत, विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत, ही खात्री घातक ठरू शकते. काही मुलांना जुलाब ओसरू लागल्यावर, आजार सुरू झाल्यापासून साधारण आठवडाभरात, लघवी कमी होऊ लागते, चेहरा पांढराफटक पडतो आणि अंगावर सूज येते. जंतू सहसा आतड्याची भिंत ओलांडून रक्तात जात नाहीत. जाते ते त्यांचे विष.

जपानमध्ये १८९७ साली हगवणीची मोठी साथ आली असताना कियोशी शिगा यांनी तिचा जिवाणू शोधला. त्यांच्याच नावावरून त्याला शिगेला आणि त्याच्या एका जातीच्या विषाला शिगा विष म्हणतात. ई. कोलाय या जिवाणूचे काही प्रकारही याच कुळातील विष तयार करतात, कारण जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंनी त्याचे जनुक त्यांच्यात आणून सोडलेले असते.

या विषाच्या रेणूत पाच लहान प्रथिनांचे एक कडे असते आणि त्यावर एक मोठे, मारक प्रथिन बसलेले असते. कडे रक्तवाहिनीच्या अस्तरपेशीवरील जीबी-३ नावाच्या मेदरेणूला चिकटते. मूत्रपिंडातील केशिकांच्या गुच्छांवर हा मेदरेणू विपुल असल्यामुळे तेथे आघात सर्वांत मोठा होतो. गायीच्या रक्तवाहिन्यांत तो नसतो, म्हणून असे ई. कोलाय पोटात बाळगूनही गाय धडधाकट राहते.

पेशी बाहेरून आत घेतलेले पदार्थ एरवी पचवून टाकते. शिगा विष मात्र ती वाट टाळून उलट दिशेने, प्रथिनांची पाठवणी करणाऱ्या गॉल्जी पिंडातून, जिथे प्रथिने घडतात त्या आंतर्द्रव्य जालिकेपर्यंत पोहोचते. वाटेत पेशीचेच फ्युरिन नावाचे विकर मारक प्रथिनाला छेद देते. जालिकेत नीट न घडलेली प्रथिने बाहेर टाकण्याची व्यवस्था असते. मारक तुकडा त्याच दाराने पेशीद्रवात उतरतो आणि रायबोसोम, म्हणजे प्रथिने बांधणारे पेशीतील यंत्र, गाठतो. रायबोसोमच्या मोठ्या भागात सुमारे पाच हजार दुव्यांची एक आरएनए साखळी असते. तिच्यातील ठरावीक जागच्या एकाच दुव्यावरचा ॲडेनिन नावाचा घटक विषाचा हा तुकडा काढून टाकतो. साखळी तुटत नाही, पण प्रथिन बांधताना लागणारे साहाय्यक घटक आता तेथे बसू शकत नाहीत आणि प्रथिननिर्मिती थांबते. एरंडाच्या बियांतील रायसिन हे विषही नेमका हाच ॲडेनिन काढते. पाच हजारांतून एक दुवा वेचून पेशी निकामी करणारी ही अचूकता मला जीवरसायनशास्त्रातील अत्यंत थक्क करणारी गोष्ट वाटते.

जखमी अस्तरपेशी सुजतात, सुटतात, आणि उघड्या पडलेल्या जागी प्लेटलेट गोळा होऊन सूक्ष्म गुठळ्या बनतात. प्लेटलेट त्यांतच खर्च होतात. अरुंद झालेल्या केशिकांतून जाताना तांबड्या पेशी, काटेरी कुंपणातून ओढलेल्या कापडासारख्या, फाटतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे शिरस्त्राणाच्या आकाराचे, टोकदार तुकडे दिसतात. रक्तक्षय, घटलेल्या प्लेटलेट आणि मूत्रपिंडाचा बिघाड या त्रयीला वैद्यकात एचयूएस (हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम) म्हणतात.

जर्मनीत २०११ साली अशा ई. कोलायची साथ आली. सुमारे ३८०० लोक आजारी पडले, पन्नासहून अधिक दगावले, आणि माग काढत गेल्यावर कच्च्या खाल्लेल्या मेथीच्या मोडांपर्यंत शोध पोहोचला. मोड आलेली कडधान्ये लहान मुलांना शिजवूनच द्यावीत, ते यासाठी.

नजर काढण्यात किंवा, मेळघाटात अजूनही घडते तसे, मुलाच्या पोटावर डागण्या देण्यात गेलेला वेळ या आजारात मूत्रपिंडाला परवडत नाही. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्यांचेही तेच. जुलाब रोखणाऱ्या औषधाने विष आतड्यात जास्त काळ राहते. शिगेलाच्या हगवणीत प्रतिजैविक आवश्यक असते, तर विष बनवणाऱ्या ई. कोलायमध्ये काही प्रतिजैविकांमुळे जिवाणू उलट जास्त विष सोडतात. म्हणून निवड डॉक्टरांनीच करावी. या विषावर सिद्ध झालेला उतारा नाही. पाणी व क्षारांचा तोल सांभाळणे, रक्त देणे आणि गरज पडल्यास डायलिसिस, एवढ्यावर बहुतेक मुले या संकटातून निभावतात. त्यासाठी हगवण थांबल्यावरही आठवडाभर मुलाच्या लघवीवर लक्ष ठेवावे आणि ती कमी वाटली तर त्याच दिवशी रक्ततपासणी करून घ्यावी.