फुकट आणि खुलं : साताऱ्याकडून पाहताना

‘फुकट’ आणि ‘खुलं’ हे शब्द आपण सर्रास एकाच अर्थानं वापरतो आणि घोळ तिथंच सुरू होतो. यूट्यूबवरचं लेक्चर फुकट पाहता येतं. पण त्यातला भाग कापून, मराठीत करून, आपली उदाहरणं घालून वर्गात वाटायचा, तर परवानगी लागते. ही परवानगी आधीच देऊन ठेवलेलं साहित्य म्हणजे मुक्त शैक्षणिक साहित्य.

अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठानं २००१ मध्ये आपले अभ्यासक्रम इंटरनेटवर खुले करण्याची घोषणा केली. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये युनेस्कोच्या बैठकीत या साहित्याला नाव मिळालं आणि डिसेंबर २००२ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने आले, म्हणजे आपलं साहित्य इतरांनी कसं वापरावं हे लेखकानं आधीच सांगून ठेवायची तयार पद्धत. माझ्या मते खरं वळण या परवान्यांचं. त्यांच्यामुळे दर वेळी लेखकाला पत्र लिहून विचारायची गरज उरली नाही.

आपल्याकडे यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, शैक्षणिक कार्यक्रम १९८४ पासून दूरदर्शनवर होतेच. २००३ मध्ये आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेनं एनपीटेल हे व्याख्यानांचं ऑनलाइन भांडार उभं केलं, २०१७ मध्ये ‘स्वयम’ हे सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ आलं. स्वयमवरच्या अभ्यासक्रमांतून २० टक्क्यांपर्यंत क्रेडिट (पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक) घेण्याची मुभा यूजीसीनं २०१६ मध्ये दिली होती, २०२१ मध्ये ती ४० टक्के झाली. तेव्हापासून हे साहित्य ‘जमलं तर बघा’ या सदरातून निघून थेट गुणपत्रिकेत आलं.

त्याच २०२१ मध्ये साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ स्थापन झालं. रयत शिक्षण संस्थेची तीन महाविद्यालयं त्यासाठी एकत्र आली. त्यातलं छत्रपती शिवाजी महाविद्यालय १९४७ चं. रयतची स्थापना १९१९ ची, कराडजवळच्या काले गावातली. ‘कमवा आणि शिका’ म्हणत तिनं ज्या घरांतली मुलं शिकवली, त्या घरांना शिकायला इंग्रजी आडवी येत होती. एनपीटेलची व्याख्यानंही मुळात इंग्रजीतच.

म्हणून मला राहून राहून वाई आठवते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी कृष्णाकाठच्या या गावात बसून मराठी विश्वकोशाचं काम उभं केलं. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. सरकारी पैशातून, तज्ज्ञांकडून लिहून घेतलेलं, मराठी परिभाषा घडवत गेलेलं असं हे काम. ‘मुक्त शैक्षणिक साहित्य’ हे नाव तेव्हा कुठं जन्मलंही नव्हतं. आज विश्वकोशाचे सगळे खंड इंटरनेटवर कुणालाही वाचता येतात. साताऱ्याहून वाई तासाभराच्या अंतरावर आहे. एखाद्या प्राध्यापकाला एनपीटेलचा धडा मराठीत आणायचा असेल, तर त्याला लागणारे बरेचसे शब्द तिथं केव्हाच तयार झालेत.