दोघांच्याही आतड्याला भोक, मग पिशवी एकालाच का?

पावसाळा सरता सरता धुळे-नंदुरबारकडच्या सर्जरी वॉर्डात हे दोन पेशंट शेजारच्या खाटांवर हटकून भेटतात. दोघंही ‘पोटमा दुखस’ म्हणत आलेले, दोघांच्याही घरचे ‘आतड्याला भोक पडलं’ एवढंच सांगतात. पण ही दोन दुखणी वेगळी आहेत.

पहिल्याचा अल्सर फुटलेला असतो, जठर संपून आतडं सुरू होतं तिथे. कंबरदुखीसाठी महिनोन्‌महिने डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी, जोडीला बिडी, पुष्कळदा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. कळ किती वाजता आली, हे तो नेमकं सांगतो. पोट पाटासारखं कडक. उभ्याने काढलेल्या एक्स-रेत बहुधा छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याखाली हवा दिसते. ऑपरेशनमध्ये पोट धुऊन भोकावर चरबीच्या पदराचं, म्हणजे ओमेंटमचं, ठिगळ बसवतात. ग्रॅहम या सर्जनने १९३७ साली सांगितलेली ही पद्धत आजही चालते.

दुसऱ्याची गोष्ट दोन-तीन आठवडे आधी तापाने सुरू झालेली असते. टायफॉइडचे जंतू लहान आतड्याच्या शेवटच्या भागातल्या लसिकाग्रंथींच्या पुंजक्यांत ठाण मांडतात. पुंजके सुजतात, सडतात आणि तिथेच आतडं फुटतं. पेशंट आधीच गळालेला, त्यामुळे नवी कळ तापाच्या अशक्तपणात झाकली जाते. पोट फुगतं, तरी घरी वाट पाहिली जाते. एक्स-रेत हवा नाही दिसली, तरी धोका टळला असं समजू नये.

भोक एकच आणि पेशंट लवकर आलेला असेल, तर कडा छाटून दोन थरांत टाके घालता येतात. भोकं अनेक असली, किंवा टीबीने आतडं शेजारीच अरुंद झालेलं असलं, तर तेवढा तुकडा कापून टोकं जोडावी लागतात. पण धडगावच्या पाड्यावरून तिसऱ्या दिवशी पोचलेल्या पोरीच्या पोटात पू आणि मळ साचलेला असतो. सुजलेल्या आतड्यात टाका घालणं म्हणजे ओल्या पापडाला शिवण घालणं. तो निसटला तर जीव जातो. म्हणून आतडं पोटावर बाहेर काढून त्यातला मळ गोळा करायला पिशवी लावतात. डॉक्टरांचं काही चुकलं म्हणून ती लागत नाही. प्रकृती सुधारली की बहुधा दोन-तीन महिन्यांनी आतडं परत आत बसवतात. तोवर पिशवीतून पाणी आणि मीठ फार जातं, तेव्हा ओआरएस चुकवू नका.

आणि तपासणीला पाठवलेल्या आतड्याच्या तुकड्याचा रिपोर्ट न्यायला नक्की या. कधी त्यात कारण सापडतच नाही. पण टीबी निघाला, तर टाके सुकल्यावरही निदान सहा महिने गोळ्या घ्याव्या लागतात.