विश्वप्रसरण व गुरुत्वबद्ध वस्तू

विश्वप्रसरण व गुरुत्वबद्ध वस्तू : दीर्घिकासमूहांमधील अंतरे वाढत असली, तरी तारे, ग्रहमाला आणि दीर्घिका (ताऱ्यांचे प्रचंड समूह) यांसारख्या स्वतःच्या गुरुत्वाने बांधलेल्या वस्तू फुगत नाहीत. या भेदाचा विचार विश्वस्थितिशास्त्रात केला जातो. देवयानी दीर्घिका सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवर असून ती दूर न जाता सेकंदाला सुमारे ११० किमी. वेगाने आकाशगंगेकडे येत आहे.

विश्वप्रसरणाचा दर दर्शविणाऱ्या हबल स्थिरांकाने (दर मेगापार्सेकला, म्हणजे सु. ३२.६ लाख प्रकाशवर्षांना, सेकंदास सु. ६७ ते ७३ किमी.) कोणत्याही अंतराला गुणण्याची चूक वारंवार होते. चंद्राच्या बाबतीत हे उत्तर वर्षाला सुमारे पावणेतीन सेंमी. येते. चंद्र प्रत्यक्षात वर्षाला ३.८ सेंमी. दूर जातो, पण त्याचे कारण भरती-ओहोटीचे घर्षण होय. आकड्यांचे हे जवळपण निव्वळ योगायोगाचे आहे.

प्रसरणाचा स्थानिक परिणाम शून्य की अत्यल्प, यावर मतभेद झाले. मॅकव्हिटी यांनी १९३३ मध्ये प्रसरणशील विश्वातील बिंदुवस्तुमानाचे (एका बिंदूत एकवटलेले मानलेल्या वस्तुमानाचे) समीकरण मांडले. त्याच्या भौतिक अर्थाचा वाद पुढे दीर्घकाळ चालला. आइन्स्टाइन व स्ट्राउस यांनी १९४५ मध्ये ताऱ्याभोवती पोकळी कल्पिली. तिच्या आत प्रसरणाचा परिणाम शून्य ठरतो. मात्र सूर्यासाठी ही पोकळी शेकडो प्रकाशवर्षे रुंद येते आणि तेवढ्या जागेत असंख्य इतर तारे मावतात, त्यामुळे एकट्या सूर्यमालेला हे प्रारूप लावणे अवघड जाते. कूपरस्टॉक, फॅराओनी व व्होलिक (१९९८) यांनी परिणाम तत्त्वतः असतो, पण नगण्य असतो, असे दाखविले. हे मत अधिक ग्राह्य वाटते.

‘अवकाश ताणते, गुरुत्व रोखून धरते’ हे लोकप्रिय वर्णन फारसे नेमके नाही. कक्षेवर परिणाम होतो तो प्रसरणाच्या वेगाचा नव्हे, त्वरणाचा. पृथ्वीच्या कक्षेपाशी हे त्वरण सूर्याच्या ओढीपेक्षा सुमारे एकावर २२ शून्ये इतक्या पटींनी लहान आहे. विश्वस्थिरांक (प्रसरणाला त्वरण देणारे प्रतिकर्षण दर्शविणारी राशी) खरोखर स्थिर मानल्यास त्याचे प्रतिकर्षण बदलत्या ताणासारखे वाढत जात नाही. कक्षा किंचित मोठी असते, एवढेच. एकट्या सूर्याच्या वस्तुमानासाठी प्रतिकर्षण आणि ओढ समान होण्याची मर्यादा सुमारे ३६० प्रकाशवर्षे येते.

मराठवाड्यात हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे उभारल्या जात असलेल्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या भुजा प्रत्येकी ४ किमी. लांबीच्या असतील. वरील चुकीचा गुणाकार तेथे केल्यास भुजा वर्षाला सुमारे ०.३ मायक्रोमीटर लांबावी. तसे होणार नाही, कारण खडक, काँक्रीट व पोलाद विद्युत बलांनी बांधलेले असतात. अशा वेधशाळा दूरच्या ताऱ्यांच्या मिलनातून निघणाऱ्या गुरुत्वीय लहरींवरून हबल स्थिरांक मात्र मोजू शकतात. २०१७ मध्ये दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मिलनावरून तो वरील एककांतच सुमारे ७० आला.