सनरूफ गळतंय म्हणजे रबर गेलं?

‘सनरूफमधून पाणी आलं की काचेभोवती सिलिकॉन भरा,’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. पाणी काचेजवळूनच येताना दिसतं, त्यामुळे तो पटतोही. पण काचेभोवतीचं रबर पाणी पूर्ण अडवण्यासाठी नसतंच. थोडं पाणी आत येणार हे धरूनच खाली पन्हळ दिलेली असते आणि तिच्या कोपऱ्यांतून, बहुधा चार, बारीक नळ्या छत पेलणाऱ्या खांबांतून गाडीखाली उतरतात. त्या धूळ-पाल्याने तुंबल्या की पन्हळ भरून पाणी छताच्या अस्तरात शिरतं.

तपासायला सनरूफ उघडा, एकेका कोपऱ्यात अर्धा कप पाणी हळू ओता. गाडीखाली धार आली नाही, तर ती नळी तुंबलेली. मऊ नायलॉनची दोरी अलगद सरकवा. जोराची हवा मात्र नको. नळीचा सांधा आतच निसटतो.