डेंग्यूचा डास गटारातला नव्हे
सांगलीत पावसाळा लागला की ठरलेलं वाक्य कानावर येतं: गटार तुंबलंय, आता डेंग्यू येणार. गटार साफ हवंच. तिथल्या घाण पाण्यात क्युलेक्स जातीचा डास वाढतो, तो रात्री झोपू देत नाही, हत्तीरोगही पसरवतो. पण डेंग्यूचा एडिस इजिप्ती वेगळा. पायांवर पांढरे पट्टे, चावतो दिवसा, आणि त्याला लागतं स्वच्छ साठलेलं पाणी. म्हणजे आपला बॅरल, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली.

परवा आमच्याच मोरीतल्या पिंपात बॅटरी मारली. पाणी अगदी नितळ, आणि त्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. उजेड पडताच तळाकडे पळाल्या.

अंड्याचा डास व्हायला साधारण 8 ते 10 दिवस लागतात, म्हणून आठवड्याला एक कोरडा दिवस, म्हणजे साठवलेलं सगळं पाणी ओतून द्यायचं. मात्र नुसतं पाणी ओतून भागत नाही. मादी अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या कडेला चिकटवते. ती कोरडी पडली तरी काही महिने टिकतात, पाणी चढलं की फुटतात. त्यामुळे कड काथ्याने खसाखसा घासायची, मगच पिंप भरून वर फडकं घट्ट बांधायचं. धूरफवारणीने उडते डास मरतात; पिंपातल्या अळ्यांना काहीच होत नाही.