एक सूचना, अनेक मॅन्युअल

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा भागांतून हायड्रॉलिक पंप, व्हॉल्व्ह आणि ओतकामाचे भाग देशभर जातात. मालासोबत मॅन्युअलही जाते. मॉडेल वेगळे असले तरी 'पंप खोलण्यापूर्वी लाइनमधला दाब पूर्ण उतरवा' ही सूचना सगळ्यांत तीच असते, आणि सीमाभागात ती इंग्रजी, कन्नड, मराठी अशा तीन भाषांत लागते. एका फाइलमध्ये ती सुधारली आणि बाकीच्यांत जुनीच राहिली, तर धोका थेट कामगाराच्या हातांना. म्हणून एकच सूचना सगळ्या फाइलींत सारखी ठेवण्याचा हा विषय मला नुसत्या टायपिंगच्या सोयीचा वाटत नाही.

मजकूर एकदाच लिहून हवा तिथे वापरण्याचा विचार जुना आहे. १९६९ मध्ये आयबीएममध्ये गोल्डफार्ब, मोशर आणि लॉरी यांनी जीएमएल ही मजकुराच्या भागांना खुणा लावण्याची भाषा तयार केली. तिच्यातून पुढे १९८६ चे एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक आले. २००५ मध्ये ओएसिस या मानके ठरवणाऱ्या संस्थेने मंजूर केलेल्या डिटा या तांत्रिक लेखनाच्या मानकात तर एका ठिकाणचे वाक्य दुसऱ्या दस्तऐवजात संदर्भाने ओढून घेण्याची रीतसर सोयच होती. पण त्यासाठी वेगळी साधने आणि शिकलेली माणसे लागतात. लहान कारखान्याच्या ऑफिसात असते ते वर्डच.

वर्डमध्ये आधी ग्लॉसरी होती, म्हणजे नेहमीचा मजकूर साठवून हवा तिथे घालण्याची सोय. १९९३ च्या वर्ड ६ मध्ये ती ऑटोटेक्स्ट झाली आणि २००७ मध्ये बिल्डिंग ब्लॉक्स या तयार तुकड्यांची भर पडली. या सगळ्यांतून मजकुराची प्रत मिळते, मूळ मजकुराशी नाते राहत नाही. ते जोडतो इन्क्लूडटेक्स्ट हा फील्ड, म्हणजे दुसऱ्या फाइलमधला मजकूर आणून दाखवणारा संकेत. सामाईक फाइलमधल्या सूचनेला बुकमार्क, म्हणजे नावाची खूण, द्यायचा आणि प्रत्येक मॅन्युअलमध्ये तोच बोलवायचा. अनेक फाइली एका मुख्य फाइलीत जोडणाऱ्या मास्टर डॉक्युमेंटचा मार्गही आहे, पण मोठ्या फाइली बिघडवण्याबद्दल त्याची जुनी ख्याती आहे, तेव्हा त्या वाटेला न गेलेले बरे.

आपल्याकडे हे उशिरा रुजायला लिपीही कारण होती. मराठी श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये, कन्नड नुडी किंवा बरहा या सॉफ्टवेअरमध्ये लिहिली जाई. प्रत्येकाचे संकेतांकन, म्हणजे अक्षरांना दिलेले क्रमांक, निराळे, त्यामुळे फॉन्ट नसलेल्या संगणकावर सूचनेची नुसती अगम्य अक्षरे दिसत. मग मराठी-कन्नड पाने डीटीपीवाल्याकडेच राहत आणि प्रत्येक दुरुस्तीसाठी त्याच्याकडे खेप घालावी लागे. विंडोज २००० पासून युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या एकाच सामाईक संकेतांकनातली, देवनागरी मिळू लागली, नंतर कन्नडही आली, आणि तिन्ही भाषा एकाच फाइलीत सुखाने राहू लागल्या.

आजही अडते ते फाइलच्या पत्त्याशी. फील्डमध्ये पूर्ण पत्ता असतो, म्हणून सामाईक फाइलचे फोल्डर हलवले की जोडणी तुटते. ते सर्व्हरवर कायमच्या जागी ठेवावे. सूचना बदलली की प्रत्येक मॅन्युअल उघडून, सगळे निवडून एफ ९ दाबावे. ग्राहकाला वर्ड फाइलच द्यायची असेल, तर तिची प्रत काढून त्या प्रतीत कंट्रोल, शिफ्ट आणि एफ ९ ने जोडण्या सोडवाव्यात. मूळ फाइल तशीच ठेवावी.